होळीच्या सुमारास बडोद्याहून पिठोरा आणि कवांटची जत्रा दाखवणारी गाइडसह सहल घ्यावी का?

तुम्ही पुण्याहून आई-वडिलांना घेऊन होळीला बडोद्यात येताय. एका टूरवाल्याने "एका दिवसात पाच गावं, पिठोरा चित्रं आणि कवांटची जत्रा" असा कार्यक्रम दिलाय आणि तो घ्यावा का, असं विचारलंय. जरूर जा, पण हा कार्यक्रम घेऊन जाऊ नका.

मी दांडिया बाजारातला, जन्मापासून बडोदेकर. पिठोरा, म्हणजे राठवा आदिवासी घरातल्या भिंतीवर लिहितात ते देवाचं चित्र, आणि कवांट हे दोन्ही छोटा उदेपूरकडचं. छोटा उदेपूर इथून शंभरेक किलोमीटर. १५ ऑगस्ट २०१३ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. तरीही तिशी उलटेपर्यंत मी पिठोरा पाहिला तो हॉटेलांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर. पहिल्यांदा गेलो ते अशाच एका सहलीतून. बस एका घरापाशी थांबली, आम्ही वीस-बावीस जण चपलांसकट ओसरीत शिरलो. "हे आदिवासींचं वॉल पेंटिंग," गाइड म्हणाला. दहा मिनिटं फोटो झाले की पुढचं गाव. घरातली आजी कोपऱ्यात उभी होती. तिच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही, मीही नाही. ते मला अजून टोचतं.

नंतर एका राठवा शिक्षक मित्राबरोबर गेलो, तेव्हा कळलं की आम्ही ज्या भिंतीला पाठ लावून फोटो काढले होते ते त्या घराचं देवघर होतं.

पिठोरा हा नवस आहे. घरात आजारपण हटत नाही, गुरं दगावतात, पीक हातचं जातं, मूल होत नाही, अशा वेळी घरधनी बडवोकडे जातो. (नाव ऐकून पंढरपूरचे बडवे आठवतील, पण याचं काम आपल्याकडच्या भगताचं.) नवस बोलायचा आणि मनासारखं झालं की बाबा पिठोरा या देवाला घरी आणायचं. खर्च मोठा असतो, सगळ्या गावाला जेवण असतं, म्हणून नवस फेडायला कधी कधी वर्षंही जातात. ओसरीतली मधली भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कुमारिका शेणमातीने सारवतात, वरून पांढऱ्या मातीचा हात देतात. मग चित्र काढणारे येतात. त्यांना लखारा म्हणतात आणि ते पुरुषच असतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवायची रीत आहे. रंग आता बरेचदा बाजारातले तयार असतात, पण दूध आणि मोह सुटलेले नाहीत.

तुम्ही वारली चित्रं पाहिली असतील. तिथे लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते. इथे लखारा लिहितो आणि बडवो गातो. दोन्हीकडे चित्र नुसतं काढून भागत नाही, ते म्हणावं लागतं.

मित्राच्या नात्यातल्या घरी मी ती रात्र बसून काढली. ढोल चालू होते. भिंतीवर घोडेच घोडे, एकेक घोडा एकेका देवाचा. हुक्का ओढणारा बाबा गणेह, हत्तीवर राजा भोज, बारा डोक्यांचा एक जण, सुपाएवढ्या कानांचा एक जण, सूर्य-चंद्र, पाणी भरणाऱ्या बायका, शेत नांगरणारा माणूस. आणि कडेला एक आगगाडी. मी विचारलं, आगगाडी कशी काय? मित्र म्हणाला, "जगात जे आहे ते सगळं यायला हवं. गाडी जगात नाही का?" पहाटे अंगात आलेला बडवो भिंतीसमोर उभा राहिला आणि एकेका आकृतीचं नाव घेत सरकू लागला. एका जागी तो थांबला. काहीतरी राहिलं होतं. लखारा जेवायला बसला होता. तो उठला, हात धुतला आणि घोड्याच्या पायांमधल्या मोकळ्या जागेत बोटभर लांबीचा विंचू काढला. बडवो पुढे सरकला. तोवर श्वास रोखून बसलेल्या घरातल्या बायका एकदम बोलायला लागल्या.

म्हणून त्या गाइडच्या "वॉल पेंटिंग" शब्दाचा मला राग येतो. आपल्या घरी बोडण चालू असताना किंवा गोंधळ्याने संबळ वाजवायला घेतलं असताना वीस अनोळखी माणसं चपला घालून आत आली, तर कसं वाटेल?

तेव्हा गाइड घ्याच, पण तिथलाच, राठवा बोली बोलणारा घ्या. पाच गावांऐवजी एक घर बघा आणि तिथे दोन तास बसा. असा माणूस कसा मिळेल? तेजगढला आदिवासी अकादमी आहे. मूळचे भोरचे आणि बडोद्याच्या विद्यापीठात शिकवलेले गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यात 'भाषा' संस्था काढली, तिचंच हे काम. तिथलं 'वाचा' संग्रहालय आधी बघा, म्हणजे पुढे जे दिसेल त्याची ओळख पटेल. ओळखीपाळखी तिथूनच जुळतात. जवळच कोराजच्या डोंगरात प्राचीन शैलचित्रं आहेत, पण चढ आहे, वडीलधाऱ्यांना नेऊ नका. एक लक्षात ठेवा. पिठोरा लिहिण्याचा विधी कोणाच्या सहलीची तारीख बघून होत नाही. "विधी दाखवू" असं कोणी हमखास सांगत असेल तर तो पाहुण्यांसाठी मांडलेला प्रयोग समजा. लिहून झालेली भिंत मात्र वर्षभर बघता येते.

कवांटच्या जत्रेचं तसं नाही, ती सगळ्यांसाठी खुली आहे. होळीनंतर तिसऱ्या दिवशी भरते, तिला गेरचा मेळा म्हणतात. पुरुषांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला मोठाले घुंगरू आणि वाळलेले भोपळे. बायका गटागटाने एकाच रंगाच्या कपड्यांत, गळ्यात-पायात चांदी. एक ढोल वाजत आला की मागून दुसऱ्या गावाचा येतो, दुपारपर्यंत छातीत नुसता धडधडाट. हे अंगावर घेणारे बरेच जण नवसाने, पाळणूक करून आलेले असतात. फोटो काढायचा तर आधी नजरेने विचारा. मान हलली तर काढा, हलली नाही तर मोबाइल खाली. मुलींच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारे दरवर्षी येतात. तुम्ही त्यांच्यात नसाल याची खात्री आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

गर्दी आई-वडिलांना झेपणार नसेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात या. तेव्हा आठवडी बाजारांना भंगोरिया म्हणतात, होळीची खरेदी असते, ढोल असतात, पण बसायला सावली मिळते. छोटा उदेपूरचा हाट शनिवारी, कवांटचा सोमवारी.

विकत घ्यायचं तर कापडावर किंवा कागदावर काढलेलं पिठोरा थेट लखाराकडून घ्या. छोटा उदेपूरच्या परेशभाई राठवांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून मागणी वाढली आहे. घासाघीस करू नका. मोहाची दारू विधीचा भाग असली तरी गुजरातेत दारूबंदी आहे. मागू नका आणि आग्रह झाला तर हात जोडा.

गाडीनेच जा, डभोई-बोडेलीमार्गे. डभोईत हिरा भागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम बघायला अर्धा तास ठेवा. संखेडा वाटेवरून थोडं आत आहे. तिथे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, फिरत्या लाकडावर लाख चढवतात, केवड्याच्या पानाने ती सारखी करतात आणि अकीक दगडाने घासून चमकवतात. आमच्या घरचा झोपाळा तिथलाच, आजीच्या लग्नातला, रंग अजून उतरलेला नाही.

आणि ओसरीत शिरण्याआधी आईला पुढे करा. घरातली बाई तिच्याशी आधी बोलेल. गुजराती येत नसली तरी चालतं. "केम छो" म्हटलं की पाटावर नाही तर खाटेवर जागा होते, पाणी येतं आणि मग भिंतीबद्दल विचारता येतं.