दम्याच्या गोळ्या आणि बाळाची फुप्फुसे

प्रश्न : माझ्या सुनेला ३१वा आठवडा चालू आहे. दम्यासाठी ती प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतेच. तरीही मुदतपूर्व प्रसूतीच्या शक्यतेमुळे डॉक्टरांनी तिला डेक्सामेथासोनची इंजेक्शने सुरू केली. एकाच जातीची दोन औषधे कशासाठी?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दोन्ही स्टेरॉइडेच, परंतु वारेतील एक विकर (एन्झाइम) प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निष्प्रभ करते, त्यामुळे ते आईला उपयोगी पडले तरी बाळापर्यंत फारच थोडे पोहोचते. डेक्सामेथासोन व बीटामेथासोन मात्र या अडथळ्यातून बऱ्याच प्रमाणात पार होतात आणि बाळाच्या फुप्फुसातील वायुकोश श्वास सोडताना मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ लवकर तयार करवतात. हा गुण न्यूझीलंडचे प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स यांना, खरे तर प्रसूती कशी सुरू होते हे मेंढ्यांवर अभ्यासताना, अनपेक्षितपणे आढळला. स्त्रियांवरील चाचणी त्यांनी बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्यासह १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. डेक्सामेथासोन सहसा ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चारदा देतात. पहिल्या मात्रेनंतर साधारण २४ तास ते ७ दिवस लाभ सर्वाधिक असतो. आईची रक्तशर्करा काही दिवस वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्यास ती तपासत राहावी. दम्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.