आधी भट्टी, मग जहाज

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सागरी पुरातत्त्वात यायचं ठरवलंस, छान केलंस. पण सुरुवात बुडालेल्या जहाजापासूनच करायची, हा तुझा हट्ट मला पटत नाही. आधी कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं रेड बे नीट अभ्यास.

सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेलगतचे बास्क दर्यावर्दी अटलांटिक ओलांडून तिथे देवमाशांच्या शिकारीला जात. ही गोष्ट उजेडात आणली ती संशोधक सेल्मा बार्कम यांनी, स्पेनमधल्या ओन्यातीच्या दफ्तरखान्यात बसून. करारनामे, विम्याचे कागद, मृत्युपत्रं, कोर्टकज्जे असं सगळं बाईंनी वाचून काढलं. ‘सान हुआन’ नावाचं जहाज १५६५ साली रेड बेमध्ये देवमाशाच्या तेलाच्या पिंपांसकट बुडाल्याचं त्यातच निघालं. १९७८मध्ये पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना तिथल्या बंदराच्या तळाशी एक जहाज सापडलं. ते बहुधा हेच. तेव्हा आधी मोडी शिक. कोकणातल्या बंदरांवर काम करणार असशील तर पोर्तुगीजही लागेल. कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

आता जमिनीवरचं. रेड बेच्या वाळूत लाल कौलांचे तुकडे पडलेले असत. आपल्याकडच्या नळीच्या कौलांसारखीच ती अर्धगोल कौलं, मायदेशाहून जहाजात घालून आणलेली. कौलं आहेत म्हणजे छप्पर होतं, आणि छपराखाली देवमाशाची चरबी कढवून तेल काढायच्या भट्ट्या. पुरातत्त्वज्ञ जेम्स टक यांच्या चमूने रेड बेच्या बंदरातल्या सॅडल बेटावर त्या उकरल्या. ओळीने दगडी चुली, त्यांवर एके काळी तांब्याच्या काहिली बसवलेल्या. दगडांना जळक्या चरबीचा काळा थर चारशे वर्षांनंतरही चिकटलेला होता. असा थर दिसला की ब्रश खाली ठेव. आधी फोटो, मग नमुना, साफसफाई सगळ्यात शेवटी. धंदा कसा चालायचा ते त्या काजळीत असतं. आपण हौसेने घासून टाकतो. भट्ट्यांच्या वरच्या अंगाला पिंपं बांधणाऱ्यांची जागा होती. बेटावरच दफनभूमीही आहे, सुमारे १४० माणसांची.

हाडांचे तुकडेही फेकू नकोस. राइट आणि बोहेड अशा दोन्ही जातींचे देवमासे तिथे भरपूर मारले गेले, असं बरीच वर्षं मानलं जाई. डीएनए तपासल्यावर हाडं जवळजवळ सगळी बोहेडची निघाली. जुन्या निष्कर्षांवरही डोळे मिटून विसंबू नये, ते यासाठी.

पुढच्या पत्रात कोणतं बंदर निवडलंस आणि त्याची जुनी दफ्तरं कुठे आहेत ते कळव. डायव्हिंगच्या कोर्सची फी त्यानंतर भर.