माग चालू असताना मुलांचा अभ्यास कधी घ्यावा?

प्रश्न : आमच्या घरातच दोन यंत्रमाग आहेत. यजमान उद्यमबागेतील फौंड्रीत पाळीने कामाला जातात आणि माग मी सांभाळते. मुलगी मराठी शाळेत पहिलीला आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रात्री जेवणे उरकेपर्यंत दोघेही पेंगुळतात. अभ्यासाला वेळ कुठून काढावा? शिवाय मुलीला कन्नड आहे. आम्हाला ते बोलता येते, वाचता येत नाही.
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, पेंगुळलेल्या मुलांपुढे वही ठेवू नये, ही पहिली विनंती. साडेतीन वर्षांच्या मुलाने अक्षरे गिरवण्याआधी त्याच्याजवळ भरपूर शब्द जमावे लागतात आणि ते घरच्यांच्या बोलण्यातूनच येतात. आपली अडचण वेळेइतकीच आवाजाचीही आहे, कारण माग चालू असताना शेजारच्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही. म्हणून वीज गेल्यावर जी उसंत मिळते, ती मुलांसाठी राखावी. मागापासून दूर, कारण वीज सांगून परत येत नाही, मुलाला सूत गुंडाळलेल्या कांड्या रंगांप्रमाणे लावायला आणि पाच-पाचच्या ओळी मांडायला सांगावे. लाल कांड्या पिवळ्यांपेक्षा कितीने जास्त, हे विचारले की मुलीची वजाबाकीही होऊन जाते.

मुलीच्या वाचनासाठी मात्र ठरलेली वेळ हवी आणि ती सकाळची असावी. आपण भाकऱ्या थापत असताना तिने शेजारी बसून पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचावे. अडखळली तर शब्द सांगून पुढे जाऊ द्यावे. यजमानांची दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात हे काम त्यांच्याकडे सोपवावे, ते आईनेच केले पाहिजे असे नाही.

२०१५ च्या कायद्यामुळे कर्नाटकातील शाळांत पहिलीपासून कन्नड आले, तेव्हापासून सीमाभागातील कितीतरी मराठी घरांत हाच प्रश्न आहे. आपल्याला बोलता येते, हे मोठे भांडवल आहे. बाजारात भाजीचा भाव मुलीलाच कन्नडमधून विचारू द्यावा. वर्णमालेचा क्रम मराठीसारखाच असल्याने तिने शाळेत शिकलेले अक्षर घरी आपल्याला शिकवावे आणि बसच्या पाटीवर ते दोघींनी मिळून शोधावे.

शिकवणीची घाई करू नये. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचता येण्यासाठी आणि साध्या आकडेमोडीसाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत धरली आहे. दुसरीत गेल्यावरही मुलगी साध्या शब्दांपाशी अडत असेल, तर तिच्या वर्गशिक्षिकेला समक्ष भेटावे.