चार दिवसांची शाळा: दिवस नका मोजू, तास मोजा

ताई, कोलोरॅडोतल्या ब्रायटनला घर बघताय आणि तिथल्या 27जे स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) सोमवारी शाळाच नसते हे कळल्यावर "हे कायद्यात बसतं का, मुलं मागे पडतील का" असं विचारलंय तुम्ही. कायद्यात बसतं, अगदी व्यवस्थित बसतं. न्यू जर्सीत 180 दिवसांचा हिशोब असतो, तिथून येणाऱ्या सगळ्यांचाच असा गोंधळ होतो. कोलोरॅडोत मुख्य हिशोब तासांचा आहे, मिडल आणि हायस्कूलला वर्षाला 1,080, फुल डे एलिमेंटरीला 990, आणि पालकसभा, टीचर ट्रेनिंग, बर्फाची सुट्टी वगैरे वजा जाऊन ते 1,056 आणि 968 पर्यंत खाली येऊ शकतात. 160 पेक्षा कमी दिवस भरवायचे असतील तर राज्याच्या शिक्षण कमिशनरची परवानगी लागते, ती डिस्ट्रिक्ट घेतात. राज्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्टमध्ये चारच दिवस शाळा असते, फक्त ती बहुतेक लहान गावांतली असल्यामुळे आपल्या लोकांच्या कानावर येत नाही.

आता तास भरायचे म्हणजे दिवस लांबणार. 27जेने 2018 ला हे सुरू केलं तेव्हा मोठ्या मुलांची शाळा साडेआठ ते 4:42 होती (हो, 4:42, मिनिटावर हिशोब!). डिसेंबरात डेन्व्हरकडे सूर्य त्याच्या आधीच मावळतो, म्हणजे पोरगं अंधारात घरी येणार आणि मग कथक, कुमॉन, बॅडमिंटन कधी, हे बघा. आत्ताच्या वेळा शाळेच्या साइटवर तपासा, बदलत असतात.

हे केलं का, तर पैसा. तेव्हा मतदार प्रॉपर्टी टॅक्स वाढवून देत नव्हते, पगार शेजारच्या डिस्ट्रिक्टपेक्षा कमी होते, मग निदान सोमवारची सुट्टी दाखवून शिक्षक टिकवायचे. बचत म्हणाल तर फार नसते, पगार आणि बिल्डिंगचा खर्च थोडाच कमी होतो. आणि सोमवारी लहान मुलाचं काय? तेव्हा डिस्ट्रिक्टने डे केअर ठेवलं होतं, दिवसाचे 30 डॉलर. दोघंही ऑफिसला जाणार असाल तर घराच्या हप्त्यासोबत हाही आकडा धरा, माझ्या मते मार्कांपेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

मागे पडण्याबद्दल: ओरेगनमध्ये अर्थतज्ज्ञ पॉल थॉम्पसन यांनी केलेल्या अभ्यासात गणित आणि वाचनाचे मार्क थोडे घसरलेले दिसले, आणि त्याचा संबंध शिकवायचे तास कमी होण्याशी होता. म्हणून शाळेला थेट विचारा, "वर्षाचे एकूण तास किती आणि राज्याच्या किमान तासांपेक्षा किती जास्त?" नुसती कॅलेंडरची पीडीएफ बघून कळत नाही. दुसऱ्या राज्याशी तुलना करतानाही जपून, टेक्सासमध्ये वर्षाला 75,600 मिनिटं म्हणतात पण त्यात मधली सुट्टीही धरतात. आपल्याकडे भारतात शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा (आरटीई) पाचवीपर्यंत 200 दिवस आणि 800 तास एवढंच आहे, तेव्हा आजी-आजोबांनी "चारच दिवस शाळा?" म्हणून डोक्याला हात लावला तर हा आकडा सांगा, हाहा.

आणि एक, भारतवारी. तीन आठवडे शाळा बुडवली तर इथे 15 ऐवजी 12 च दिवस बुडतात, ऐकायला बरं वाटतं, पण वर्षाचे दिवसच साधारण दीडशेच्या आत असतात आणि 10 टक्के बुडाले की मुलाचं नाव सतत गैरहजर असणाऱ्यांत जातं, त्यात आधी कळवून घेतलेली रजाही मोजतात. तिकिटं काढायच्या आधी थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या सुट्ट्यांना जोडून किती दिवस वाचतात ते बघून घ्या.