फोटो इथेच ठेवून जा

नवापूर

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा व्हिसा आल्याचं परवा उपासनेनंतर तुझ्या आईकडून कळलं. पेढा हातावर ठेवता ठेवताच तिने विचारलं, "पाळकसाहेब, तिकडे थंडी किती असते?" जूनमध्ये सोसवेल एवढीच, म्हणावं. उजेडाचाच त्रास जास्त. रात्रीचे दहा वाजले तरी खिडकीत ऊन. १९९९ साली मी गेलो तेव्हा घड्याळ पाहून झोपायचो.

तुझी यादी वाचली. स्कॉटलंडमधली फिंडहॉर्न ही निसर्गाला धरून राहणाऱ्यांची वस्ती, मग मुलांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था, रविवारी चर्चमध्ये साक्ष. सगळं ठीक आहे. पण तळाशी लिहिलंयस, 'वसतिगृहातल्या मुलांचे फोटो, पेनड्राइव्ह.' हे पत्र त्या एका ओळीसाठी.

मीही फोटो नेले होते. त्यात एक पोरगा होता, आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेला. वसतिगृहात आला त्याच दिवशी फोटो काढला. डोळे आलेले, बनियन फाटका, केसांत उसाचं पाचट. तिथल्या एका चर्चच्या मंडळीने तो फोटो दानाच्या पाकिटावर छापला. पैसे बरे जमले. वसतिगृहावरचे पत्रे त्यातूनच बदलले, हेही खरं. पुढे बारावीला असताना तो बोनाफाईड शोधायला माझ्या कपाटात शिरला आणि ते पाकीट त्याच्या हाती लागलं. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, अंघोळ झाल्यावरचा नव्हता का?"

रोल संपला होता, असं मी सांगितलं. खोटं होतं ते. अंघोळीनंतरचाही होता, मी तो निवडला नव्हता.

आता तर कायदाही आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव किंवा फोटो असा छापता येत नाही. पण कायदा नसता तरी तुला हेच सांगितलं असतं. मुलांविषयी बोल. ऊसतोडीची उचल कशी घेतली जाते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी कशी मोजतात, दिवाळीनंतर पाडे कसे ओस पडतात आणि शाळेचा पट कसा गळतो, सगळं सांग. चेहरा दाखवल्याशिवाय ऐकणाऱ्याला पाझर फुटत नसेल तर आपलं सांगणं कच्चं आहे.

फिंडहॉर्नविषयी. १९६२ मध्ये कॅराव्हान पार्कातल्या एका गाडीत तीन मोठी माणसं आणि तीन मुलं राहायला आली, तिथून ते सुरू झालं. व्हिस्कीच्या कारखान्यातल्या अवाढव्य लाकडी पिंपांची गोल घरं तुला दाखवतील. मी दारूच्या पिंपात बसून प्रार्थना केली, असं परत आल्यावर इथे सांगितलं, तर आपली वडीलमंडळी हसली नाहीत. तू सांगू नकोस. झाडाझुडपांच्या आत्म्यांशी बोलण्याची तिथली भाषा आपल्या विश्वासात बसत नाही. ऐकून घे, वाद घालू नकोस. चार दिवसांचा पाहुणा आहेस.

मला तिथलं सांडपाण्याचं काचघर आवडलं होतं, १९९५ चं. आत ओळीने टाक्या, त्यांत झाडं, मुळांना जिवाणू. एका टोकाला मैल्याचं पाणी येतं आणि टाकीमागून टाकी निवळत जातं. मी नाकाला रुमाल लावून आत शिरलो आणि दोन मिनिटांत खिशात घातला. ओल्या कुंडीचा वास येतो तेवढाच होता. ते रोज कोण सांभाळतं, झाड मेलं तर काय करतात, हे विचारून वहीत लिही. भांडी घासायच्या पाळ्या कशा लावतात तेही लिही. २०२१ च्या आगीत त्यांचं प्रार्थनेचं ठिकाण आणि सामुदायिक केंद्र जळलं, २०२३ मध्ये तिथल्या फाउंडेशनने शिबिरं बंद केली. त्यातून लोक कसे सावरताहेत ते विचार. कौतुकाचं ते आपणहून सांगतीलच.

"तुमच्याकडे असं काही आहे का?" हेही विचारतील. मान खाली घालू नकोस. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत सांग. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, पाणी देणार तो पाटकरी, राखण करणार तो जागल्या. शेतकऱ्याने स्वतः बारं फोडून शेतात पाणी घ्यायचं नाही. तीन-चारशे वर्षं हे चाललं, आता बरंच मोडलं, तेही लपवू नकोस. आणि जाण्याआधी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एक दिवस जाऊन ये. गावाने नियम करून ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलंय. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. घराजवळचं न पाहता दूरचं पाहायला जाणं बरं नाही दिसत.

मुलांच्या संस्थांत तुला कदाचित मुलं दिसणारच नाहीत. रागावू नकोस. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची तिथे पीव्हीजी नावाची पूर्वेतिहासाची तपासणी होते, पाहुण्याला असं आत सोडत नाहीत. आपण मात्र गोरा पाहुणा आला की पोरांना ओळीत उभं करून गाणं म्हणायला लावतो, भर उन्हात. स्पे नदीच्या खोऱ्यातल्या ॲबरलूरला १८७५ मध्ये एका पाळकाने सुरू केलेलं मोठं अनाथालय होतं. ते १९६७ मध्ये बंद झालं आणि मुलं लहान लहान घरांत गेली. जुन्या काळी संस्थांत मुलांचा छळ झाला, त्याची चौकशी स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून चालू आहे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थाही त्यातून सुटलेल्या नाहीत. आपल्या वसतिगृहात रात्री मुलांजवळ कोण असतं, हे तिथे बसून स्वतःला विचार.

पैशाचं थोडक्यात. कुणी पाकीट पुढे केलं तर हात जोड. वसतिगृहासाठीची परदेशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तुझ्या खात्यात एक रुपयाही नको. कुणाला कसलं वचनही देऊ नकोस.

भेट म्हणून बिबडे, आपले ज्वारीचे पापड, ने, ते टिकतात. तळून कसे खायचे ते मात्र सांग, माझ्या यजमानांनी कच्चेच चावले होते.

आल्यावर लगेच तुला व्यासपीठावर उभं करणार नाही. आधी वसतिगृहामागच्या शोषखड्ड्याजवळ भेटू. तोवर पाऊस लागलेला असेल आणि तो भरून वाहत असेल. वही घेऊन ये.

तुझा,
पाळक