एचआयव्हीवरील औषधे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराला (एन्झाइमला) नेमकी कशी रोखतात?

ही औषधे त्या विकराला दोन मार्गांनी रोखतात: काही त्याला डीएनएचा खोटा घटक पुरवतात, तर काही त्याची हालचालच जखडून टाकतात. हे विकर विषाणूच्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करते आणि त्या प्रतीशिवाय विषाणूला पेशीच्या जनुकसंचात शिरकाव मिळत नाही. अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळालेले झिडोव्ह्युडिन दिसायला थायमिडिन या डीएनएच्या खऱ्या घटकासारखेच असते, परंतु पुढचा दुवा जोडण्यासाठी लागणाऱ्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी त्यात तीन नायट्रोजन अणूंचा अझाइड गट असल्यामुळे, विकराने ते एकदा ओवले की साखळी तिथेच खुंटते. (गंमत अशी की, त्याआधी आपल्याच पेशीतील विकरे त्याला तीन फॉस्फेट जोडून कामाला लावतात.) नेव्हिरॅपिन आणि इफाव्हिरेन्झ यांची तऱ्हा निराळी आहे, ती औषधे विकराच्या क्रियास्थळाजवळच्या (जिथे प्रत तयार होते त्या जागेजवळच्या) एका खोबणीत जाऊन बसतात आणि त्याची हालचाल जखडतात, आणि एचआयव्ही-२ या विषाणूच्या दुसऱ्या प्रकारात ही खोबण वेगळी असल्याने तिथे त्यांचा उपयोग होत नाही. मात्र पेशीच्या डीएनएत आधीच मिसळलेली विषाणूची प्रत यांपैकी कोणत्याही औषधाने निघत नाही, त्यामुळे उपचार थांबवल्यास विषाणू पुन्हा वाढू लागतो.