गूळ-खजूर घालून केलेलं गोड डायबेटिसवाल्यांना चालतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरात साखर बंद केली आहे, तर गूळ, खजूर, मध वापरून सीझनच्या फळांचे घरगुती हेल्दी गोड पदार्थ सुचवा, आणि सासऱ्यांना डायबेटिस आहे, त्यांनाही चालायला हवेत.

साखरेऐवजी गूळ-खजूर घातला म्हणून सासऱ्यांना चालतं का, तर उत्तर 'नाही' असंच आहे. पण तेवढं लिहून मला थांबवत नाहीये, कारण या 'चालतं'वरून आमच्या घरात सहा वर्षं धुसफुस चालू आहे आणि माझी बाजू अजून कुणी धड ऐकून घेतलेली नाही.

आमचं मूळ घर राजापूर तालुक्यात. एरवी आम्ही पुण्यात, मे महिन्यात सगळे तिकडे. परसात फणसाची तीन झाडं आहेत, दोन कापा आणि एक बरका. कापा फणसाचे लाड सगळेच करतात, कारण गरा कडक, हातात धरून खाता येतो. बरका म्हणजे बुळबुळीत, तोंडात घातला की सरळ घशात. शहरातून आलेली पोरं त्याला नाकं मुरडतात. पण सांदणं, म्हणजे फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या गोड इडल्या, करायची तर बरकाच लागतो. कापा फणस मिक्सरमधून काढून सांदणं करणाऱ्यांनी खुशाल करावीत, मला मात्र त्यांचं आमंत्रण नको.

त्या वर्षी बरका पिकून घरभर वास सुटला होता. मी ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली, कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं (चीक एकदा लागला की दोन दिवस निघत नाही), फणस फोडला, गरे काढले, आठळ्या वेगळ्या केल्या. मग गरे चाळणीवर घेऊन हाताने घासायचे. खाली पिवळाधमक रस उतरतो, वर नुसते दोरे राहतात. तासभर कंबर मोडते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्यात 'सांदणं हिने केली' एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलंय.

आमच्याकडे प्रमाण ठरलेलं आहे. दोन वाट्या रसाला एक वाटी तांदळाचा रवा, तुपावर खमंग भाजलेला. ओलं खोबरं मूठभर, मीठ चिमूटभर, आणि गूळ पाव वाटी, फणस अगदीच फिका निघाला तर अर्धी. हो, गूळच! सासूबाई गूळच घालायच्या, त्यांच्या सासूबाईही. हेल्दी म्हणून नव्हे, तर फणसाला गुळाची चव जुळते म्हणून. हे सगळं तासभर भिजवायचं, लहान वाट्यांना तुपाचा हात लावून त्यात ओतायचं आणि मोदकपात्रात वीस मिनिटं वाफवायचं. झालं.

तर रवा भिजत घालणार एवढ्यात माझी थोरली नणंद स्वयंपाकघरात आली. हातात दोन डबे आणि गुळाची ढेप. ताईंनी त्या वर्षी साखर सोडली होती, आणि ज्यांनी सोडली नव्हती त्यांची कीव करायला सुरुवात केली होती. ढेप कोल्हापुरी. वेष्टनावर 'जीआय' छापलेलं दाखवून म्हणाल्या, "हे बघ, ह्याचा जीआय दिलाय. डायबेटिसवाल्यांना चालतो."

आता तो जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी गुळाला ते 2014 मध्ये मिळालं. त्याचा अर्थ एवढाच, की कोल्हापुरी म्हणून विकायचा गूळ कोल्हापूरकडचाच हवा. हापूसलाही तेच मानांकन आहे, म्हणून काय पेटीभर हापूस शुगर वाढवत नाही? डॉक्टर ज्याला जीआय म्हणतात तो ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप. त्यात गूळ साखरेपेक्षा काही कमी भरत नाही. मी तेव्हा हे म्हटलं. म्हटलं म्हणजे पुटपुटले. घरात पंधरा माणसं असताना थोरल्या नणंदेला कोण शिकवणार?

ताईंनी मिश्रण ताब्यात घेतलं. साखर नाहीच म्हटल्यावर हात आखडायचं कारण उरलं नाही. चार वाट्या रसात गूळ दीड वाटी. वर वीसेक खजूर वाटून. सोबतीच्या नारळाच्या दुधात मध, तोही डोळे मिटून. चाखून बघितलं तर जीभ चिकटली. पण ताई सगळ्यांना सांगत फिरत होत्या, "साखरेचा कण नाही हं यात."

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, तेव्हा डायबेटिस होऊन अकरा वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, चालणं रोज. दर मे महिन्यात त्यांच्या ताटात मी दीड सांदण वाढायची, वर तूप, आणि त्या जेवणात भात नाही. अकरा वर्षांत त्यांनी त्यावर एकदाही कुरकूर केली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ताईंकडे बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "मला चालेल?"

"चालेल काय अप्पा, धावेल!"

सात खाल्ली. मधाच्या नारळी दुधात बुडवून. भातही जेवले, कारण तो सोडायचं कुणी सांगितलंच नाही. दुपारी पडवीत आडवे झाले ते घसा कोरडा पडला म्हणून सारखे पाणी मागायला लागले. दोन तासांनी मी शुगर मोजायचं मशीन लावलं तर 318. एरवी जेवणानंतर 170-180 असायची. आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका, पाणी द्या, रात्री हलकं जेवण, दर दोन तासांनी आकडा कळवा, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर घेऊन या. सकाळपर्यंत आकडा खाली आला. ताई मात्र आदल्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या, आणि आठवड्याभरात मुंबईच्या चुलत सासूबाईंचा मला फोन, "अगं, तुझ्या सांदणांनी म्हणे अप्पांची शुगर वाढली?"

तुझ्या सांदणांनी!

असो. आता तुमच्या प्रश्नाकडे.

शंभर ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी, तेवढ्याच गुळात 380च्या आसपास. फरक म्हणायचा तर हा एवढा. गुळात लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण चहाच्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह किरकोळ. त्यापेक्षा अळिवाचे दोन लाडू खा. मध 300च्या घरात, तो काही सोज्वळ असतो म्हणून नव्हे, त्यात पाणी असतं म्हणून. खजुरात चोथा असतो ही जमेची बाजू, पण वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि वीस खजूर वाटून घातले की ते दिसत नाहीत, त्यामुळे मोजलेही जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या शिफारशीत मध आणि फळांचा रससुद्धा साखरेच्या हिशेबातच धरलाय. दिवसभराच्या उष्मांकातला दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग, आणि जमलं तर पाच, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा चमचे. ताईंच्या सात सांदणांत किती चमचे गेले ते मी एकदा मोजायला बसले आणि रागाने कागद चुरगाळून टाकला.

साखर सोडणारी निम्मी माणसं साखर सोडत नाहीत, साखर हा शब्द सोडतात. कडू वाटेल, पण माझं मत हेच आहे.

सीझनची फळं म्हणालात ते मला आवडलं, कारण फळ ऐन भरात असलं की त्याला वरून गोड लागत नाही. उत्तम पिकलेल्या हापूसच्या रसात साखर घालणाऱ्याला काय म्हणावं? पायरीच्या रसाला तर मिठाचा कण आणि तूप पुरतं. पावसात मोठी तवसं (काकड्या) येतात, त्यांचं धोंडस करा: किसलेलं तवसं, तांदळाचा रवा, थोडा गूळ, खालीवर निखारे. निखारे नसतील तर जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे. लाल भोपळ्याचे घारगे बारा महिने होतात, पण ते तळलेले, हे विसरू नका. दिवाळीच्या आगेमागे सीताफळ, ते नुसतंच खावं, बासुंदीत घालून वाया घालवू नये. थंडीत रताळं वाफवून, वर वेलची आणि चमचाभर तूप, गूळबीळ काही नाही. बाकी महिन्यांचं तुम्हीच बघा, तुमच्या बाजारात जे ढिगाने आणि स्वस्त दिसतंय ते घ्या, तोच सीझन.

सासऱ्यांबद्दल. त्यांच्यासाठी वेगळा 'चालणारा' पदार्थ करू नका. सगळ्यांसाठी केलंय तेच, पण ठरवून थोडं द्या, दुपारच्या जेवणात, आणि त्या जेवणातला भात किंवा एक पोळी कमी करा. नंतर वर म्हणून देऊ नका. फळ अख्खं, रस काढून नाही. दोन तासांनी मशीन लावा. चारपाच वेळा लावलंत की त्यांना काय झेपतं ते कळेल, नुसत्या नावावरून कळत नाही. मुख्य म्हणजे त्यांना 'हेल्दी आहे' असं सांगू नका. अकरा वर्षं दीड सांदणावर थांबणारा माणूस त्या एका शब्दाने सातवर गेला.

ते इन्सुलिनवर असतील किंवा शुगर खाली उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाणंही वाईटच. स्टीव्हियाची पावडर आणायचा विचार असेल तर, वजन घटवायला असले गोडवे वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 मध्ये सांगितलंय. मात्र आधीपासून डायबेटिस असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, त्यामुळे सासऱ्यांचं त्यांच्या डॉक्टरांवर सोडा.

गुळाशी माझं भांडण नाही हेही सांगून टाकते. माझ्या घरात ढेप असतेच, आणि साखरेची सांदणं मी आजही करणार नाही.

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते, ताईंना हे पान सापडायची शक्यता आहे म्हणून. त्या दिवशी अप्पांच्या सातातलं पाचवं सांदण मी वाढलं होतं. त्यांनी वाटी पुढे केली, इतके खूश दिसत होते, माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. दूधही मीच ओतलं. पण बाकीची सहा माझी नव्हेत.

अप्पा आता 83 वर्षांचे आहेत. यंदा बरक्याला मोजून चार फणस धरले. सांदणं पाव वाटी गुळातच केली, ताई समोर बसून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. अप्पांनी जेवणाआधीच मशीन काढून ताटाशेजारी ठेवलं, दीड सांदण खाल्लं, भात परतवला. दोन तासांनी 174. मी मशीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. चुलत सासूबाईंनी हात जोडले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचा नुसता अंगठा आला, तोही रात्री साडेअकराला.